गायब झालेल्या दिराची ओळख

ओळखकाकूंच्या तोंडून आपली ओळख करून घ्यायची म्हणजे न्हाव्यापुढे मान द्यायची, असं मंडळातले जाणते लोक म्हणत. वस्तरा चालतो मऊ, पण मान हलवायची सोय नसते.

मंडळाची एक गाडी होती. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात न्यायची, परत आणून सोडायची. त्या गाडीच्या खर्चासाठी दर वर्षी मोठ्या सभागृहात मदत-संध्या व्हायची. वक्ते यायचे, गाणारे यायचे, सत्कारमूर्ती कडक इस्त्रीत यायचे, आणि या सगळ्यांची श्रोत्यांना ओळख करून द्यायचं काम काकूंचं. रीत अशी, की पाहुण्याने आपला परिचय आपणच लिहून पाठवायचा. पाहुणे पाठवतही. स्वतःबद्दल लिहायला बसलं की कुणालाच कागद पुरत नाही. काकू ते सगळं मन लावून वाचत, नीट घडी घालत, चष्म्याच्या डबीत ठेवत आणि माइकपुढे जाऊन भलतंच बोलत.

भलतंच म्हणजे वाईट नव्हे हं. काकूंनी आयुष्यात कुणाची व्यासपीठावरून निंदा केली नाही. त्यांची खोड वेगळी होती. माणूस आहे तसा त्या सांगत नसत. तो कसा असायला हवा, ते सांगत. कवडीचुंबकाला त्या 'सढळ हाताचे' म्हणत, आणि टाळ्या थांबेपर्यंत बिचाऱ्याचा हात आपोआप खिशात गेलेला असे. एका खडूस घरमालकाची त्यांनी 'भाडेकरूंची काळजी पोटच्या पोरांसारखी घेणारे' अशी ओळख करून दिली, तर दुसऱ्याच दिवशी त्याला झक मारत जिन्यातला दिवा बदलावा लागला. चारचौघांत चढवलेला कोट चारचौघांत उतरवता येत नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

एरवी काकू दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसत. नाव विचारायचं, वेळ द्यायची, घाबरलेल्याला पाणी द्यायचं. तिथे बसून त्यांना वस्तीची जेवढी माहिती झाली होती, तेवढी पोस्टमनलाही नसेल. दाढ ठणकायला लागली की माणूस खरं बोलतो, आणि बधिर केल्यावर तो गप्प बसला की त्याच्याबरोबर आलेला बोलतो.

त्या टेबलापाशीच मंडळाचे सेक्रेटरी एका सकाळी येऊन उभे राहिले. सेक्रेटरींचं औषधांचं दुकान. आयुष्यात प्रत्येक गोष्टीला लेबल असावं, आणि लेबलवर लिहिलंय तेच बाटलीत असावं, एवढीच त्या सज्जन माणसाची देवाकडे मागणी. त्यांना काकूंचं भय वाटणारच.

"काकू, यंदा एकच विनंती आहे. पाहुण्यांनी जे लिहून दिलंय तेच वाचा."

"मी कधी वाचत नाही? अक्षर न् अक्षर वाचते."

"मोठ्याने वाचा."

काकू हसल्या. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"दुसरं म्हणजे, यंदाचे सत्कारमूर्ती ठरलेत. हॉस्पिटलातल्या पेशंटच्या नातेवाइकांना फुकट जेवण पोचवतात ना, ते केटरर." ते क्षणभर थांबले. "म्हणजे तुमचे दीर."

"बरं," काकू म्हणाल्या, पण हातातलं पेन टेबलावर पडलं.

"म्हणून मी कार्यक्रमच असा आखलाय की कुणाला त्रास नको. सत्कार मध्यंतराआधी. पेंटरकाकांची जादू मध्यंतरानंतर. तुमचे दीर मध्यंतरालाच निघतील. दोघं एकमेकांच्या दृष्टीसही पडणार नाहीत."

"मोठं डोकं चालवलंत हो."

"आणि तिसरं." आता सेक्रेटरी स्वतःच्या बुटांशी बोलायला लागले. "पेंटरकाकांचा हा शेवटचा प्रयोग धरा. पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा आणायचं चाललंय. वाईट वाटून घेऊ नका, पण मागच्या रांगांना काही दिसत नाही हो. नाणं गायब झालं म्हणतात; आधी ते होतं, हे तरी कुणी पाहिलं? त्यांना एवढ्यात सांगू नका."

काकूंनी त्यांना दातांसाठी वेळ हवी का विचारलं, आणि ते घाईघाईने गेले.

आता पेंटरकाका म्हणजे काकूंचे यजमान. धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा, जीव मात्र जादूत अडकलेला. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या हाताने एक कपाट बनवलं होतं. बाहेरून काळं, त्यावर सोनेरी चांदण्या. आत माणूस उभा करायचा, दार लावायचं, कांडी ठोकायची, दार उघडायचं: कपाट रिकामं! मग काकांनी हाक मारायची आणि गायब झालेल्या माणसाने सभागृहाच्या मागच्या दारातून 'आलो, दादा!' म्हणत धावत यायचं. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवायचे. युक्ती साधी होती. कपाटाला एक खोटी पाठ होती, तिच्यामागे चोरकप्पा. गायब होणाऱ्याने तिथे चपटं होऊन उभं राहायचं, आणि दार पुन्हा लागलं की मागची फळी सरकवून पडद्याआडून बोळात उतरायचं. बोळातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून अंगण, अंगणातून मागचं दार. हा गायब होणारा माणूस म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. तेव्हा तो इतका किडकिडीत होता की चोरकप्प्यात त्याच्याबरोबर अजून एक मावला असता.

आणि अशाच एका मदत-संध्येला, याच सभागृहात, काकांनी कांडी ठोकली, दार उघडलं, कपाट रिकामं निघालं, टाळ्या पडल्या, काकांनी हाक मारली आणि मागच्या दारातून कुणीही आलं नाही.

काकांनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. लोक आधी कुजबुजले, मग फिदीफिदी हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "जादूगारसाहेब, पोलिसांत तक्रार द्या!" काका हातात कांडी घेऊन उभे, नवीन लग्न झालेली काकू पहिल्या रांगेत लाजेने काळीठिक्कर.

झालं होतं एवढंच, की धाकटा पळत पळत स्वयंपाकघरात शिरला तेव्हा तिथला आचारी घेरी येऊन पडला होता, मोठ्या भांड्याखाली जाळ भडकलेला, आणि ढवळायला कुणी नाही. 'दोन मिनिटं' म्हणून त्याने पळी हातात घेतली. दोन मिनिटांनी दारापाशी आला तर आतून हसण्याचे लोट. त्याचा पाय आत पडला नाही. घरी मोठ्या भावाने फक्त एवढंच म्हटलं, "गायब झालास ना? मग आता गायबच राहा." दोघं एकाच आईची लेकरं. हा बोलून बसला, तो ऐकून बसला. धाकट्याने त्याच आचाऱ्याच्या हाताखाली काम धरलं, पुढे स्वतःचा केटरिंगचा धंदा काढला, गाड्या घेतल्या, माणसं ठेवली, पोट वाढवलं. पण भावाच्या डोळ्यांपुढे काही तो पुन्हा प्रकट झाला नाही. काकूंनी दोघांच्या हातापाया पडून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. दगडावर पाणी.

म्हणजे, पूर्ण दगड नव्हते हं ते. दर काही महिन्यांनी भाऊजी काकूंच्या दवाखान्यात दात दाखवायला यायचे. दात एकदम धडधाकट; डॉक्टर वैतागून म्हणायचे, "अहो, यात बघण्यासारखं काही नाही." पण भाऊजी टेबलापाशी घुटमळायचे आणि निघताना भिंतीवरच्या चित्राकडे बघत विचारायचे, "वहिनी, बाकी सगळे बरे आहेत ना घरचे?" घरचे म्हणजे एकच माणूस, हे काकूंना कळायचं. आणि संध्याकाळी तो एकच माणूस, ब्रश पुसता पुसता, अगदी सहज विचारायचा, "आज कोण कोण आलं होतं गं दवाखान्यात?" रोज नाही विचारायचा. पण नेमक्या त्याच दिवशी विचारायचा, ते कसं, देव जाणे. काकू बाकीची सगळी नावं घेऊन शेवटी म्हणायच्या, "आणि भाऊजी." मग काका 'हं' म्हणायचे आणि ब्रश पुन्हा पहिल्यापासून पुसायचे.

मागच्या खेपेला काकूंनी जरा तिखटमीठ लावून सांगितलं होतं, "काय सुटलेत हो! दातांच्या खुर्चीत मावत नाहीत आता. उठताना हात द्यावा लागला." त्यावरही काका 'हं' एवढंच म्हणाले.

ते चांदण्यांचं कपाट इतकी वर्षं त्यांच्या आतल्या खोलीत पडून होतं. काकूंनी त्यात गाद्या-रजया कोंबल्या होत्या. काका अधूनमधून त्याच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचे, त्यासाठी दार लावून ठाकठूक करत बसायचे. माणसाला एखादा चाळा असतो. यंदा मोठी रजई त्यात मावेचना. काकूंनी ढकलून पाहिली, गुडघा लावून पाहिला. "धुतल्यावर फुगली वाटतं मेली," त्या म्हणाल्या. "फुगली असेल," काका म्हणाले. रजई खुर्चीवर जाऊन बसली.

सेक्रेटरी गेल्यावर काकू दिवसभर गप्प होत्या, आणि काकू गप्प बसल्या म्हणजे कुणाची तरी मान वस्तऱ्याखाली आली, असं समजायला हरकत नव्हती. संध्याकाळी त्यांनी सूर लावला, "अहो, यंदा कपाट न्याल का बरोबर? नुसतं मागे ठेवायला. स्टेज फार ओकंबोकं दिसतं."

काका नाही म्हणतील, का म्हणून विचारतील, चिडतील, या सगळ्याची उत्तरं काकूंनी तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. "नेऊ की," काका म्हणाले. काकूंना उलट चुकल्यासारखं झालं.

मदत-संध्येला सभागृह गच्च भरलं. स्टेजवर उजवीकडे माइक, डावीकडे पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि मागच्या पडद्याला टेकून काळ्या कापडाखाली झाकलेलं कपाट. बोळापलीकडच्या स्वयंपाकघरात भाऊजींचीच माणसं सगळ्यांचं जेवण रांधत होती. सेक्रेटरी पहिल्या रांगेच्या कडेला, चटकन उठता येईल असे बसले होते.

पहिले वक्ते डोळ्यांचे डॉक्टर. विद्वान माणूस, पण एकदा सुरू झाले की ऐकणाऱ्याचे डोळे मिटल्याशिवाय थांबत नसत. काकूंनी त्यांची ओळख करून दिली, "ज्यांच्याकडून शिकावं की थोडक्यात किती मोठं सांगता येतं, असे आपले डॉक्टर." डॉक्टर हातात जाडजूड पानं घेऊन उठले होते. त्यांनी टाळ्यांकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं, पहिलं आणि शेवटचं वाचलं आणि खाली बसले. लोकांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की डॉक्टर भांबावून गेले. तशा टाळ्या त्यांना कधी मिळाल्याच नव्हत्या.

मग अध्यक्षांची मेहुणी गायला उठली. अध्यक्षांची मेहुणी असल्यामुळे तिला आजवर कुणी थांबवलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "एकच गाणं गायचं आणि रसिकांना तहानलेलं ठेवून उठायचं, हा ज्यांचा कडक नियम आहे..." मेहुणीबाईंनी काकूंकडे असं पाहिलं, की दूध नासावं. पण गायल्या एकच, आणि खरं सांगायचं तर गायल्याही छान. पुढच्या पाच गाण्यांसाठी राखलेला दम त्यांनी एकातच खर्च केला. सेक्रेटरींनी कपाळ पुसलं. इथवर तर सगळं गोडच चाललं होतं.

आणि मग सत्कारमूर्ती.

भाऊजी उठून पुढे आले. अंगावर नवा कोट, कोटाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली. अध्यक्षांनी स्वागताला फुलांचा गुच्छ दिला. काकूंनी माइक हातात घेतला, पण लगेच तोंडाशी नेला नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या मानांशी खेळ केला होता. आज घरच्यांची मान होती. दोघांपैकी एक जरी भरल्या सभेत 'नाही' म्हणाला, तर मग पुढे कधीच 'हो' नाही, हे त्यांना दिसत होतं. आणि नवऱ्याचा शेवटचा प्रयोग त्या जुन्या प्रयोगासारखाच, लोकांच्या हसण्यात संपला असता. काकूंना भीती वाटली. पण काही माणसांची जीभ भीतीच्या आधी चालते.

"यांच्या परिचयाचा कागद माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या, "पण त्यात एक गोष्ट राहिलीय. हे गृहस्थ बऱ्याच वर्षांपूर्वी याच व्यासपीठावरून, तुमच्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांदेखत गायब झाले होते. अजून सापडलेले नाहीत."

मागच्या रांगांतली जुनी मंडळी हसली. सेक्रेटरी अर्धे उठले.

"ज्या माणसाने हातात घेतलेलं एकही काम अर्धवट सोडलं नाही, त्याच्या मनाला ही एकच गोष्ट लागून राहिली होती. म्हणून आज त्यांनी आपणहून सांगितलंय: सत्कार मागाहून, आधी दादाचा तो प्रयोग पुरा करू द्या. आणि आपले पेंटरकाका, जे मनात काही धरून ठेवत नाहीत, ते ताबडतोब तयार झाले!"

दोन्ही वाक्यांत खऱ्याचा अंशही नव्हता. टाळ्यांनी छत दणाणलं.

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी काकूंकडे असं पाहिलं, जसं बधिर न करता दाढ काढणाऱ्या डॉक्टरकडे पाहावं. काकूंनी विंगेकडे मान वळवली. मध्यंतर व्हायला अजून अवकाश होता, पण काका तिथे काळा कोट चढवून, कांडी घेऊन उभे होते. लवकर तयार होऊन बसायची सवयच त्यांना, काकूंना वाटलं. काका स्टेजवर आले. भावाकडे पाहिलं. भावाने त्यांच्याकडे पाहिलं. कुणी पाठ फिरवली नाही. मग काकांनी काळं कापड ओढलं, चांदण्या चमकल्या आणि दार उघडून त्यांनी लोकांना रिकामं कपाट दाखवलं.

भाऊजींनी गुच्छ काकूंच्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, मी मावणार नाही हो त्यात."

काकूंनी चमकून त्या पोटाकडे पाहिलं. सगळा बेत आखला, सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या, आणि एवढं मोठं पोट विसरून गेल्या! दातांच्या खुर्चीतून ज्यांना स्वतःच्या हाताने ओढून काढलं, ते आता वीतभर चोरकप्प्यात कसे शिरणार?

"पोट आत घ्या, भाऊजी," त्या कुजबुजल्या.

माइक चालू होता. अख्खं सभागृह हसून लोटपोट झालं. भाऊजी लाल झाले, पण त्या हसण्याने एक झालं: आता मागे फिरणं त्यांनाही शक्य नव्हतं. ते कपाटात शिरले. काकांनी दार लावलं. आतून घसटल्याचा आवाज आला, एक धप्प झालं, कपाट एकदा डावीकडे कललं, एकदा उजवीकडे. लोक डोळ्यांतलं पाणी पुसत होते. काकूंनी डोळे मिटून घेतले. आता दार उघडणार आणि आत हा एवढा माणूस खोट्या पाठीत अर्धा अडकलेला दिसणार.

कांडी ठोकल्याचा आवाज आला. बिजागऱ्या तेलावर गुपचूप फिरल्या. मग हसणं एकदम थांबलं.

काकूंनी डोळे उघडले. कपाट रिकामं होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गेले कुठे हा प्रश्न पहिल्यांदाच काकूंनाही पडला, आणि त्या आ वासून बघत राहिल्या. काकांनी झुकून नमस्कार केला, दार पुन्हा लावलं, पुढे आले आणि त्यांनी मागच्या दाराकडे कांडी केली.

"गेलास तसा परत ये!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दार बंदच.

लागतोच थोडा वेळ. अंगणातून यायचं म्हणजे. काकूंनी स्वतःला समजावलं.

"गेलास तसा परत ये!"

दार बंदच. मागे कुणीतरी खुदकन हसलं. हसणं पसरायला लागलं, अगदी तसंच, पूर्वीसारखं. सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकांची कांडी अजून दाराकडेच होती. पुन्हा गेला, त्यांच्या मनात आलं. पुन्हा गेला हा माणूस, आणि या खेपेला त्याला मीच पाठवलं. एरवी व्यासपीठावर असा खड्डा पडला की काकू दोन वाक्यांत बुजवत. आज हातातल्या गुच्छाची फुलं त्या एकेक करून तोडत होत्या, आणि आपण काय करतोय हेही त्यांना कळत नव्हतं.

काकांनी कांडी खाली केली. जादूगाराचा आवाज टाकला आणि घरात मारावी तशी हाक मारली, "ये रे, धाकट्या."

दार धाडकन उघडलं.

दारात भाऊजी उभे. कोटाचं एकही बटण जागेवर नाही, खांद्यावर कोळिष्टक, कपाळावर घाम, आणि हातात भली मोठी पळी.

"आलो, दादा!"

लोक खुर्च्यांवर चढले. भाऊजी मधल्या वाटेने धापा टाकत आले, स्टेजच्या पायरीपाशी थांबले. वर चढावं की नाही, ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. काका वरून त्यांच्याकडे बघत होते. टाळ्या विरल्या आणि माइकने दोघांचं बोलणं सगळ्यांना ऐकवलं.

"एवढा वेळ?" काका म्हणाले.

भाऊजींनी हातातल्या पळीकडे पाहिलं. "वाटेत स्वयंपाकघर लागलं, दादा."

लोक खो खो हसले. त्या दोघांपैकी कुणी हसलं नाही. काकांनीही त्या पळीकडे पाहिलं.

"मग? काय बिघडलं होतं?"

"मीठ कमी होतं. कामावरची पोरं हात सोडेनात. मी थांबलो नसतो तर एवढ्या लोकांचं जेवण..."

"मग थांबलास ते बरं केलंस," काका म्हणाले, आणि हात खाली देऊन त्यांनी भावाला स्टेजवर ओढून घेतलं. ओढायला जोर लागला. काकूंनीही दुसऱ्या हाताला धरलं, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामाच राहिला नाही.

पण माइक पाहिला की काकू भानावर येतात. नाक ओढून त्या म्हणाल्या, "मंडळी, हा योग जुळवून आणला आपल्या सेक्रेटरींनी. दोन्ही भाऊ एकाच संध्याकाळी यावेत, असा कार्यक्रम त्यांनीच तर आखला! आणि ऑर्केस्ट्राचे कितीही लोक मागे लागले तरी पुढच्या वर्षीही हेच कपाट हवं, असं त्यांनी मला मागेच सांगून ठेवलंय."

सेक्रेटरी उठून उभे राहिले, तोंड उघडलं, टाळ्या ऐकल्या आणि वाकून सगळ्यांना नमस्कार केला. लेबल एकदा चिकटलं की चिकटलं.

जेवणं उरकली, मीठ बरोबर होतं. सभागृह रिकामं होत आलं तसे दोघं भाऊ कपाट उचलायला लागले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. काकूंना राहवेना. त्यांनी दार उघडून आत हात घातला. खोटी पाठ चांगली दीड वीत पुढे आली होती. कडेचं लाकूड ताजं कापलेलं, त्यावर काळा रंग अजून नव्यासारखा चकचकत होता. पाट्या रंगवणाऱ्याचा हात, एक ओघळ म्हणून नाही.

"म्हणजे रजई फुगली नव्हती," काकू म्हणाल्या.

"मी कुठे म्हटलं फुगली? तूच म्हणालीस."

"हे कधी केलंत?"

काकांनी कपाटावरची नसलेली धूळ झटकली. "तूच आलीस ना सांगत, खुर्चीत मावत नाही म्हणून."

काकूंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. वस्तीतल्या एकूण एक माणसाची ओळख करून देणारी बाई, आणि घरातला माणूस बिजागऱ्यांना तेल देतोय असं समजत बसली! त्यांना हसू आलं, रागही आला.

"आणि मी त्यांना आत ढकलणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? कपाट न्याल का, असं विचारलंस तेव्हाच कळलं. तुला स्टेज ओकंबोकं कधीपासून दिसायला लागलं?"

"मग आता माझी रजई कुठे ठेवू मी?"

"याला देऊन टाक," काका म्हणाले. "सांग त्याला, उद्या घरी येऊन घेऊन जा म्हणावं."

"मी इथेच उभा आहे, दादा," कपाटाच्या पलीकडून भाऊजी म्हणाले.

"माहीत आहे," काका म्हणाले. "उचल आता. आणि जपून, चांदण्यांवर बोटं उमटतात."